अवतरणचिन्हांच्या आत

“मॅडम, आणखी कापलं तर यात काही उरणारच नाही.”

“उरतं. तू काप, मग बोलू.”

मुलगा तोंड वाकडं करून पुन्हा संगणकाकडे वळला. बातमी रक्तदान शिबिराची होती आणि तिच्यात रक्त यायला चौथा परिच्छेद उजाडला होता. त्याआधी पाहुण्यांचं स्वागत, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं भाषण. पत्रकारितेच्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवते आहे: आधी काय झालं ते सांगा, मग कोण काय बोललं ते, आणि आभार कोणाचेच मानू नका. दरवर्षी नवी पोरं येतात आणि नव्या दमाने आभार मानतात. माझ्या माघारी ती मला कात्री मॅडम म्हणतात. म्हणू देत. दैनिकात उपसंपादक होते तेव्हा याहून वाईट नावं होती.

त्या दिवशी तर मला वर्गात उभं राहायचंही त्राण नव्हतं. सकाळी नवऱ्याची अंघोळ, त्याची औषधं, हाताचे व्यायाम, शेजारणीकडे किल्ली, मग धापा टाकत कॉलेज. त्यात निवांत समोर येऊन उभी राहिली.

निवांत म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण सगळ्यांचं आटोपलं की हिचं सुरू होतं, म्हणून वर्गाने हे नाव पाडलं. तिची कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही.

“मॅडम, एक विचारू?”

“विचार. पण आज विचार, उद्या मला सुट्टी आहे.”

ती हसली नाही. “आपल्या कॉलेजच्या पाक्षिकात तुमच्या त्या बंद पडलेल्या दैनिकावर पान करतोय ना, त्यासाठी मला सरांची मुलाखत घ्यायचीय.”

“कुठले सर?”

“तुमचे.”

माझे सर, म्हणजे माझा नवरा! आम्ही दोघं त्याच दैनिकातले. तो बातमीदार, मी डेस्कवर. तो दिवसभर उन्हातान्हात हिंडून बातमी आणायचा आणि मी ती अर्ध्यावर आणायचे. मग तो आदळआपट करायचा, संपादकांकडे गाऱ्हाणं न्यायचा. मला लग्नाचं विचारलं तेसुद्धा त्याने एवढं लांबण लावून, की मी मधेच “हो” म्हणून टाकलं. त्याचं भाषण अर्धंच राहिलं.

दैनिक बंद पडलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात आता बरा चालतो, पण शब्द अडकतात. डोक्यात सगळं लख्ख आहे म्हणतात डॉक्टर, तोंडापर्यंत येता येत नाही. एकेक शब्द ओढून आणावा लागतो. भेटायला आलेली माणसं पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे बघून बोलतात आणि मग माझ्याकडे वळतात. त्याचं बोलणं सुधारायला येणाऱ्या बाई मला बजावून गेल्या, “त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका.” बाईंचं काय जातंय! त्या आठवड्यातून एकदा येतात. माझ्या मागे स्वयंपाक, कपडे, कॉलेज, औषधवाला. तो “मला” म्हणाला की पुढचं मी म्हणून टाकते, तो मान हलवतो, काम होतं. आमचं बरं चाललं होतं.

“अगं, त्यांना नीट बोलता येत नाही,” मी निवांतला म्हणाले.

“मला वेळ आहे मॅडम.”

“ते माहीत आहे सगळ्या कॉलेजला.”

घरी गेल्यावर त्याच्या कानावर घातलं. “कुणी एक पोरगी मुलाखत घ्यायला येते म्हणतेय. नको म्हणून कळवते, काय?” त्याने हात वर करून मला थांबवलं. मग भिंतीला धरत कपाटापाशी गेला, इस्त्रीचा शर्ट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला. मुलाखत शनिवारी होती. तो मंगळवार होता.

दोन वर्षांत तो पहिल्यांदाच कोणा परक्यासमोर बसायला तयार झाला होता. तो अडकला, पोरगी कंटाळली, मोबाइलकडे बघायला लागली, की संपलंच. पुन्हा महिनोन्महिने तो तोंड उघडणार नाही. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं की आपण शेजारी बसायचं आणि सांभाळून घ्यायचं.

शनिवारी निवांत चक्क वेळेवर आली. चप्पल काढली, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला आणि त्याच्या अगदी समोर बसली.

“सर, तुमच्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली बातमी कोणती?”

“एक...” तो म्हणाला. ओठ हलत राहिले. कपाळावर शीर फुगली. “एक...”

“पूल खचला होता ती,” मी म्हणाले. “सर तिथे सगळ्यांच्या आधी पोचले होते. पुरस्कारही मिळाला. लिहून घे.”

निवांतने काही लिहिलं नाही. ती त्याच्याकडेच बघत होती. आणि माझ्या नवऱ्याने, जो माझ्या प्रत्येक वाक्यावर मान हलवतो, त्याने मान हलवली नाही.

“नाही,” तो म्हणाला. “पूल... सगळ्यांनी... लिहिला.”

“अरे, पण पुरस्कार...”

“मॅडम,” निवांत माझ्याकडे न बघताच हळू म्हणाली, “सर बोलताहेत.”

माझ्याच घरात! माझ्याच खुर्चीत बसून! तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय, कपाळ? मुलाखतीत तिसऱ्या माणसाला मधे बोलू देऊ नका, मग तो घरचा का असेना, हे या पोरांना मीच शिकवलेलं. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ओढून बसले.

त्यानंतर जे काही त्याने सांगितलं, त्याला किती वेळ लागला देव जाणे. तो थांबायचा, ती थांबायची. तिने घड्याळ पाहिलं नाही, शब्द सुचवला नाही, की “असू दे सर” म्हणाली नाही. इकडे मी पदराच्या टोकाचा पिळून पिळून चोळामोळा केला.

“पाण्याच्या... टाकीखाली... एक बाई... राहायची. टाकी... गळते का... विचारायला... गेलो. ती म्हणाली... बसा. मग... मुलाचं... सांगत बसली. घर... सोडून... गेलेला. संध्याकाळ... झाली. बातमी... काही... झाली नाही.”

ही बाई मी कधी ऐकलीच नव्हती. माझ्याकडे फक्त लिहिलेलं यायचं, आणि हे त्याने लिहिलंच नव्हतं.

“मग तीच का लक्षात राहिली, सर?”

त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता अडकला तो अडकलाच. माझे डोळे भरून आले.

“तिला... कोणी... विचारलंच... नव्हतं. मी... विचारलं.” त्याने श्वास घेतला. “मला पण... आता... कोणी... विचारत नाही. सगळे... सांगतात. हीसुद्धा.”

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नुसतं पाहिलं.

मला मात्र राग आला, खोटं कशाला बोलू? याच्यासाठी मी मरमर मरायचं आणि याने परक्या पोरीसमोर माझी अशी शोभा करायची! रात्रीचं जेवण मी एक अक्षर न बोलता वाढलं. भांडी घासताना राग कधी ओसरला कळलं नाही. मागे नुसतं वाईट वाटणं उरलं, आणि ते कुठे ठेवावं ते कळेना.

निवांतची कॉपी रीतीप्रमाणे उशिरा आली, आणि पानात मावेना. रक्तदानवाला मुलगा पान लावत होता. सगळं वाचून झाल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, हे तुटक तुटक बरं दिसत नाही. सलग करून टाकू? नाहीतर सर असे बोलतात ते सगळ्यांना कळेल.”

“कळू दे. असेच बोलतात ते. अवतरणचिन्हांच्या आत कोणी हात घालायचा नाही.”

“मग निदान शेवटचं वाक्य काढतो. म्हणजे... तुमच्यासाठीच म्हणत होतो.”

निवांत मागे उभी होती. मी त्याला उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. ‘हीसुद्धा’ या शब्दामागे कर्सर उघडझाप करत होता. जागा कमी होती, कारण तयार होतं. एक शब्द गेला असता तर कोणी विचारलंही नसतं. आयुष्यभर मी हेच तर करत आले, आणि चांगलं करत आले.

मी कर्सर वर नेला, निवांतने लिहिलेल्या सरांच्या परिचयापाशी. ‘ज्येष्ठ, निर्भीड व अभ्यासू’ काढलं. पुरस्कार काढला. पुलाचा अख्खा परिच्छेद उडवला. मजकूर बसला.

“जाऊ दे छपाईला,” मी म्हणाले. निवांतने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान खाली घातली.

अंक घेऊन मी घरी गेले तेव्हा पाय नुसते भरून आले होते. त्याच्या हातात अंक दिला. चष्मा लावून त्याने पान वाचलं, बोट ठेवत ठेवत, शेवटपर्यंत. घडी घातली.

“तू...” तो म्हणाला.

चहा टाकते, हे माझ्या जिभेवर आलेलं होतं. मी ते गिळलं आणि खांद्यावरच्या पिशवीसकट समोरच्या खुर्चीत बसले.

“तू... खूप... दमलीस... का गं?”

छे रे, मला काय धाड भरलीय, असं म्हणून उठायला मला काही वेळ लागला नसता. पण तो थांबला होता. मान जराशी पुढे, नजर माझ्या तोंडावर, चेहऱ्यावर घाई म्हणून नाही. त्या टाकीखालच्या बाईसमोर हा असाच बसला असेल. मी कधी पाहिलं नव्हतं, मी डेस्कवर असायचे.

मी बोलायला गेले आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तो वाट बघत बसला.