दोन सेकंदांचा ओहळ

मित्रांनो, तीन पाय असूनही मी आजवर स्वतःहून एक पाऊल टाकलेलं नाही. मी बोर्डीतल्या एका फोटो स्टुडिओतला जुना स्टँड आहे. कॅमेरा माझ्या डोक्यावर बसतो, फोटो तो काढतो आणि कौतुकही त्याचंच होतं. मी फक्त हलायचं नाही.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडून मला बनवलं. २०१४ साली स्टुडिओच्या मालकीण नूतनताईंनी मला मुंबईहून आणलं. पहिली काही वर्षं लग्नांत गेली. घोलवड, चिखले, वरोर, कुठले मांडव मी पाहिले नाहीत! वऱ्हाडी माझ्या पायात अडखळायचे आणि वर मलाच शिव्या द्यायचे. एका हळदीत माझा एक पाय पिवळा झाला, तो डाग अजून पुरता निघालेला नाही.

ताईंचा खरा जीव मात्र वाहत्या पाण्यात. त्यांच्या चिकूच्या वाडीत तळासरीकडच्या एका पाड्यावरून रूपी कामाला यायची. ती एकदा म्हणाली, "बाय, आमच्या पाड्याखाली ओहळ हाय. जागा लय भारी." २०१७च्या मार्चमध्ये ताई मला खांद्यावर टाकून तिच्याबरोबर निघाल्या.

पाणी कसलं, खडकावरून एक बारीक धार उतरत होती. मी तिच्यात उभा राहिलो, तर माझे रबरी बूटसुद्धा धड भिजले नाहीत. मी डगमगू नये म्हणून ताईंनी मला जड पिशवी अडकवली, उजेड कमी यावा म्हणून कॅमेऱ्यापुढे काळी काच लावली आणि शटर दोन सेकंदांवर ठेवलं. शटर झटकन मिटलं, की पाण्याचा थेंब न् थेंब वेगळा दिसतो. ते उघडं राहिलं, तर तेवढ्या वेळात पाणी जिथून जिथून गेलं ती सगळी जागा पांढरी दिसते. मी जागचा हललो नाही. फोटो आला, तर त्या धारेचा दुधाळ, भरलेला ओहळ झाला होता.

डहाणूच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोखाली लिहिलं होतं, 'तळासरी, मार्च'. घरी आल्यावर ताईंनी माझे पाय पुसले. "तू हलला नाहीस म्हणून जमलं रे," म्हणाल्या. मी किती फुगलो म्हणून सांगू!

पुढच्या उन्हाळ्यात रूपी स्टुडिओच्या दारात येऊन उभी राहिली. पाड्यासाठी टँकर मागायला ती इतर बायकांबरोबर तहसील कचेरीतल्या साहेबांकडे गेली होती. साहेबांनी प्रदर्शनात तो फोटो पाहिलेला. "मार्चमध्ये ओहळ एवढा वाहतो, मग टँकर कशाला?" असं म्हणून त्यांनी बायकांना परत पाठवलं होतं.

"बाय, तुमच्या फोटूत पानी हाय," रूपी म्हणाली, "आमच्या हंड्यात नाय."

ताईंचा चेहरा उतरला. "मी मुद्दाम नाही गं केलं."

"माहीत हाय. पन पोरांना काय फोटू पाजू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही ओहळावर गेलो. धार आणखी रोडावली होती. खालच्या वाळूत बायकांनी डवरा खणला होता. त्या खड्ड्यात पाणी झिरपायची वाट बघायची, साठलं की करवंटीने हंड्यात ओतायचं आणि पुन्हा वाट बघायची. ताईंनी सवयीने मला उभं केलं आणि दोन सेकंदांचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुन्हा तोच दुधाळ पदर! त्यांनी मान हलवली आणि कॅमेरा माझ्यावरून काढून घेतला.

ताई खडकाशी उकिडव्या बसल्या. शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागावर आणलं. इतक्या झटपट मिटणाऱ्या शटरला स्टँड लागत नाही. मला मिटून कोरड्या दगडांवर ठेवलं होतं. त्या फोटोत एक थेंब होता, मग कोरडा खडक, मग दुसरा थेंब. मागे करवंटी धरून रूपी बसली होती आणि हंड्याचा तळ जेमतेम झाकला होता.

ताईंनी दोन्ही फोटो साहेबांपुढे ठेवले. साहेबांना ते दोन वेगळे ओहळ वाटले.

"जागा एकच आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "बक्षिसाच्या फोटोत मी पाणी सुंदर दाखवलं. ते किती आहे, हे नाही दाखवलं. शंका असेल तर आता माझ्याबरोबर चला."

साहेब आले आणि एक हंडा भरेपर्यंत डवऱ्याशी थांबले. त्याच आठवड्यात पाड्यावर टँकर आला. रूपीने निरोप धाडला, "हंडे भरले, बाय."

बक्षिसाचा फोटो ताईंनी भिंतीवरून उतरवला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझं नाव झालं ते त्याच फोटोने. पण निरोप ऐकल्यावर ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं.

आज २०१९ साली माझा स्क्रू झिजला आहे, एक पाय सायकलच्या ट्यूबने बांधलेला आहे. मला अधूनमधून पुसा, एवढं मागणं मी करू शकलो असतो. पण मित्रांनो, माझं मागणं वेगळंच आहे. एखाद्या ओहळावर फोटो काढायला गेलात, तर तिथे पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारा, तिचा हंडा भरायला किती वेळ लागतो. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, ते त्यानंतर ठरवा.