कूसडूच्या धक्क्यावरची काळी होडी

मित्रांनो, मला सगळे होडी म्हणतात, पण माझ्या अंगात एकही जाड फळी नाही. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड आणि कापडावर गरम डांबराचे थर, एवढाच माझा देह. आयर्लंडच्या पश्चिमेला, केरीच्या किनाऱ्यावर कूसडू गावात मुरिसकाकाने मला बांधले. डांबर फासता फासता तो पुतणीला, गोबनेटला, तिच्या बापाची हकिगत सांगायचा. इंग्रज शिपायांनी त्याला घराच्या दारातच गोळी घातली होती. मला वाटते, डांबराबरोबर तो रागही माझ्या कापडात मुरला. लांबवर इंग्रज जहाज दिसले की मी लाटेवर ताठ होत असे.

मुरिसकाका गेल्यावर मी गोबनेटची झाले. बांगडे, शेवंडी, कधी शेजारच्या बेटावर न्यायची मेंढी, सगळे तिने माझ्यातून नेले. माझ्याइतकी हलकी होडी धक्क्यावर दुसरी नाही, असे लोक म्हणत. ते ऐकायला मला आवडे.

मग जगात मोठे युद्ध पेटले. आमचा देश त्यात उतरला नाही, पण युद्धाची माणसे आमच्याकडे आलीच. आधी आला ब्रांट, पक्ष्यांची चित्रे काढणारा. तो जर्मनांचा हेर होता आणि हे गावात एकट्या गोबनेटला ठाऊक होते. त्याने तिचा राग बरोबर हेरला होता. मागून आला पर्सी ड्रू, गळ टाकून बसणारा लंगडा इंग्रज. तो किनाऱ्यावर नजर ठेवायला आलाय, हे मात्र साऱ्या गावाला ठाऊक होते. खानावळीत त्याचा चहा थंड झाल्याशिवाय देत नसत.

"त्याला जरा गुंतवून ठेव," ब्रांटने गोबनेटला सांगितले. म्हणून ती पर्सीला माझ्यातून मासेमारीला नेऊ लागली.

"तुझ्या लोकांनी माझ्या बापाला दारात मारलं," पहिल्याच दिवशी ती म्हणाली.

"मी तेव्हा सात वर्षांचा होतो."

"वय सांगून सुटतोस होय रे?"

"सुटायचं नाहीये. नाव काय होतं त्यांचं?"

तिचे वल्हे पाण्यावरून नुसतेच घसरले. "फीनीन," ती म्हणाली. त्यानंतर ती त्याला रोज शिव्या घालायची आणि रोज बरोबर न्यायची. मला तो आवडत नव्हता. त्याचे बूट माझ्या पट्ट्यांवर नको तिथे पडत.

एका धुकट सकाळी ब्रांट माझ्यात बसला. खडकांच्या पलीकडे जर्मन पाणबुडी थांबणार होती. त्याला तिथवर पोचवायचे, इंग्रज हरले की त्यांच्या ताब्यात राहिलेला आपला उत्तरेचा मुलूख आपल्याला परत, असे बोलणे झाले होते. गोबनेट जीव तोडून वल्हवत होती.

ब्रांट खुशीत होता. "तुमच्या लिमरिक बंदरात गहू घेऊन येणारं जहाज कधी आणि कुठून जाणार, ते मला कळलंय," तो म्हणाला. "कप्तानाला सांगितलं की उद्या ते तळाला."

"त्याच्यावर आपला झेंडा रंगवलाय! माझा चुलतभाऊ डोनखा आहे त्यावर."

"त्यातला अर्धा माल इंग्रजांकडेच जातो. लढाईत एवढं चालायचंच."

गोबनेट थांबली. "बापाला मारल्यावर माझ्या आईला दारात येऊन एक इंग्रज अधिकारी हेच म्हणाला होता," ती म्हणाली. "अगदी हेच." आणि तिने मला वळवले.

ब्रांटने पिस्तूल काढले. लाटेने मी उसळले, गोळी माझ्या पोटातून आरपार गेली आणि पाणी आत घुसले. मित्रांनो, त्या जखमेचे मला दुःख नाही. गोबनेटने शाल भोकात कोंबली.

"झाड अजून एक गोळी! मला मारलंस तर वल्हवणार कोण? तुझा बाप? पाणबुडी लांब आहे, धक्का जवळ आहे. टोपी काढ आणि उपस पाणी."

पाणी त्याच्या घोट्यापर्यंत चढले, तसे त्याने पिस्तूल खाली ठेवले. तिने ते वल्ह्याने समुद्रात उडवले.

धक्क्यावर तिने त्याला आयरिश पोलिसांच्या हवाली केले. गर्दीत पर्सीही होता. "तू इंग्लंडवर केवढे उपकार..." त्याने सुरुवात केली, तोच तिने फाडकन त्याच्या मुस्कटात मारली.

"इंग्लंड गेलं खड्ड्यात! मी माझी माणसं वाचवली."

पण गावाने इंग्रज तेवढा पाहिला, चपराक नाही. इंग्रजांना आपल्यातली बातमी देणारा तो 'खबरी', आणि हा शब्द आमच्याकडे खुन्याहून वाईट. लोकांनी तिच्याशी बोलणे टाकले. पर्सी इंग्लंडला, युद्धाच्या दुसऱ्या कामावर परत गेला. डोनखाचे जहाज सुखरूप पोचले. त्याने धक्क्यावर येऊन सुरीने माझे कापड फाडले.

"माझ्या बहिणीने माणूस विकला," तो ओरडला.

"तू जिवंत आहेस ना?" गोबनेट म्हणाली. "मग बोल हवं तेवढं."

त्याला ते कळले नाही, आणि तिने परत सांगितले नाही.

मी काट्याकुट्यात पालथी पडले. कोंबड्या माझ्यावर बसत. युद्ध संपल्यावर गोबनेटने नवे कापड आणून एकटीने मला शिवले. त्याच उन्हाळ्यात पर्सी आला. सारे गाव भिंतीवर बसून पाहत होते. त्याने मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये तिला लग्नाचे विचारले.

"क्रियापद चुकलं," ती म्हणाली आणि वल्ही त्याच्या अंगावर फेकली. "बस. वल्हव. मुकाट्याने."

त्याच्या वल्हवण्याने मी गोल गोल फिरले. भिंतीवर कोणी हसले नाही. पुढेही ती दोघे इथेच राहिली, गावाचा अबोला सोसत.

आता दोघेही नाहीत. माझे कापड विरले आहे. मित्रांनो, किनाऱ्यावर अशी पालथी होडी दिसली तर दगड मारू नका, उन्हाळ्यात तिला एक हात डांबर फासा. आणि गावाने कोणाशी बोलणे टाकले असेल, तर जाऊन त्या माणसाजवळ बसा, काय घडले ते विचारा. गोबनेटला कोणीच विचारले नाही. विचारले असते, तर ती सांगणार होती.