डावीकडून येणारी हाक

आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव फेरीमेन, म्हणजे नावाडी. डनमोरच्या धक्क्यावरून पूर्वी सरोवरापलीकडे बोटी जायच्या, त्यावरून पडलेलं. गावातले लोक मात्र आम्हाला बुडबुडे म्हणत. तिकीट काढून यायचे, निम्मा सामना झाला की उठून पार्किंगमध्ये परतायचे आणि गाडीमागे शेगडी पेटवून सॉसेज भाजत बसायचे. त्या पडत्या वर्षांत मैदानाकडे माणसं येत राहिली, त्याचं श्रेय आमच्या खेळाडूंपेक्षा त्या सॉसेजना जास्त द्यावं लागेल.

अशा संघावर मालकीणबाईंनी वसंतात नवा मुख्य प्रशिक्षक आणून बसवला. ऑगस्टीन ब्रूसार्ड. लुइझियानाचा, बुटका, आणि बोलणं इतकं हळू की पहिल्याच बैठकीत मागच्या रांगेतल्या धिप्पाड गड्यांना उठून पुढे यावं लागलं. त्याला तेच हवं असणार.

मी संघाचा प्रवास बघतो. विमानात कोण कुठे बसणार, हॉटेलात कोणाला कुठली खोली. या कामात माणसं लवकर कळतात. एक खिडकी मागतो, एक पाय पसरायला जागा मागतो, आणि एक काहीच न मागता दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटतो की माझे हाल झाले. ब्रूसार्डने मागितली सगळ्यात मागची, शौचालयाला लागून असलेली सीट. म्हणाला, "तिथे प्रत्येकाला कधी ना कधी यावंच लागतं."

महिन्याभरात त्याने निम्मा संघ घरी पाठवला. आमच्याकडे त्याची एक पद्धत आहे. सकाळी निरोप येतो, 'कोचनी बोलावलंय, डावपेचांची वही घेऊन ये.' वही आणायला सांगितली की माणूस समजतो आणि आधी बायकोला फोन लावतो. आघाडीच्या फळीतले पाचांपैकी चौघे असेच गेले. उरला एक एमेट कुबिचेक.

एमेट नेब्रास्काचा, मक्याच्या शेतात वाढलेला. जागा फळीच्या मधोमध, म्हणजे सेंटरची. दोन्ही पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणारं माणसांचं धूड डोक्या-खांद्यांवर घ्यायचं. बारा मोसम हेच केलं, एकाच संघासाठी, आणि त्या बारांत आम्ही एकदाही बाद फेरीत पोचलो नाही. चांगल्या संघांची बोलावणी त्याला येऊन गेली होती. का गेला नाहीस विचारलं की म्हणायचा, "सामान बांधायचा कंटाळा." हे खोटं होतं. त्याला बाद फेरीचा एक सामना खेळायचा होता, पण तो डनमोरच्या कपड्यांत. बाकी कशाचीच हौस नव्हती त्याला.

आता हाकेचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. चेंडू हलण्याआधी सेंटर समोरची मांडणी बघतो आणि एक शब्द ओरडतो. त्या शब्दावरून पाचही जण एकदम डावीकडे किंवा एकदम उजवीकडे वळतात. शेजारचा तोच शब्द पुढे ओरडतो, त्याच्या शेजारचा त्याच्या पुढे. गोंगाटात हाक टोकापर्यंत पोचायला हवी ना. जुन्या कोच हचिन्सच्या काळात डावीकडे म्हणजे 'लॉरा' आणि उजवीकडे म्हणजे 'रोझ'. त्याच्या मावश्यांची नावं म्हणे. वर्षानुवर्षं तेच शब्द असल्यामुळे साऱ्या लीगला त्या मावश्या पाठ झाल्या होत्या. ब्रूसार्डने मावश्या हाकलल्या. डावीकडे 'खेकडा', उजवीकडे 'कोळंबी'. मोठ्या हंड्यात दोन्ही शिजवून त्याने पहिल्या शुक्रवारी सगळ्यांना जेवू घातलं आणि म्हणाला, "आता विसरणार नाही."

एमेटच्या डाव्या हाताला उभा राहायचा जार्विस टॉलिव्हर. अलाबामाचा, त्याच वर्षी भरती झालेला, दाराच्या चौकटीत तिरका होऊन शिरणारा. पहिल्या दिवसापासून तो एमेटला आजोबा म्हणायला लागला.

"काय आजोबा, गुडघे बरोबर आणलेत ना? की घरीच राहिले?"

"गुडघे आणलेत. तुझी अक्कल सामानात गेली वाटतं. विमान उतरलं की शोधू."

विमानात दोघं शेजारी बसायचे आणि चार माणसांची जागा खायचे.

सप्टेंबरातल्या एका सामन्यात एमेट ओरडला, "लॉरा! लॉरा!" नव्या चौघांना ही लॉरा कोण ते माहीत असायचं कारणच नव्हतं. पण जार्विसने एमेट कुठे वळतोय ते पाहून श्वास घ्यायच्या आत हाक पुढे दिली, "खेकडा!" फळी डावीकडे वळली, चेंडू पुढे गेला, कोणाला काही कळलं नाही. विमानात जार्विस म्हणाला, "आजोबा, ही लॉरा कोण? मॅव्हिसआजीला सांगू का?"

"सांग. मलाही बरेच दिवस तिला काहीतरी नवीन ऐकवायचंय."

दोघं खदखदून हसले. मागच्या रांगेतून कोणीतरी उशी फेकून मारली.

आम्ही जिंकू लागलो. आधी लोकांना ती चूक वाटली. मग ते निम्म्यात उठायचे थांबले. पार्किंगमधली सॉसेज करपायला लागली, कारण शेगडीपाशी कोणी नसायचं. मालकीणबाई फोटोत पुढच्या रांगेत आल्या. टीव्हीवरचे जाणते सांगू लागले, की ब्रूसार्डने जुने शब्द मुद्दाम फसवण्यासाठी ठेवलेत, काय डोकं आहे या माणसाचं! समोरचे संघ लॉरा ऐकून, ती खरी की खोटी म्हणून गोंधळत होते हे खरंच. आमचा क्वार्टरबॅकसुद्धा त्याला फसवी हाकच समजत होता. लॉरा आणि रोझ महिन्यागणिक वाढत चालल्या होत्या, आणि दर वेळी डावीकडून खेकडा किंवा कोळंबी बिनचूक येत होती.

ऑक्टोबरपासून एमेटची बायको मॅव्हिस रोज त्याला सरावाला सोडायला आणि न्यायला येऊ लागली. इतक्या वर्षांनीही काय प्रेम आहे, असं आम्ही एकमेकांत बोलत होतो. माणसांची पारख असल्याचा माझा तोरा तुम्ही वर वाचलाच आहे.

शेवटचा साखळी सामना परगावी होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर घर. जिंकलो. कपडे बदलायच्या खोलीत असा काही दंगा झाला की बोलायची सोय नव्हती. रीत अशी, की सामन्याचा चेंडू कोच एका खेळाडूला देतो आणि त्याने चार शब्द बोलायचे. ब्रूसार्डने चेंडू एमेटला दिला. गडी रडत होते, जार्विस बाकावर उभा राहून शिट्ट्या मारत होता. एमेट चेंडू पोटाशी धरून म्हणाला, "मला भाषण येत नाही. मी फक्त कोच हचिन्सचे आभार मानतो. त्यांनी मला ठेवलं. हच, या ना इकडे." आणि त्याने हात पुढे केला, ब्रूसार्डकडे.

खोली हसून फुटली. "हाणला!" "कोच, घ्या आता!" हाकलून दिलेल्या कोचचं नाव नव्याच्या तोंडावर! म्हाताऱ्याने काय टोला दिला, म्हणून जो तो दुसऱ्याला टाळी देत होता. दोघं हसले नाहीत. एक ब्रूसार्ड, आणि दुसरा तो शिट्ट्या मारणारा. ब्रूसार्ड पुढे आला, एमेटचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "शाब्बास, एमेट." आपण हच नाही हे त्याने सांगितलं नाही.

विमान वर गेल्यावर त्याने जार्विसला मागे बोलावलं. मी त्यांच्या पुढच्याच रांगेत होतो. डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले.

"केव्हापासून ओरडतोयस?"

"हाक पुढे द्यायचीच असते, कोच."

"पुढे देतोस ते ठाऊक आहे. बदलून केव्हापासून देतोस?"



"समोरचं सगळं त्यांना बरोबर दिसतं," जार्विस म्हणाला. "दिशा एकदाही चुकले नाहीत. शब्दच तेवढा जुना येतो तोंडात."

"शब्दच तेवढा?"

"काल हॉटेलात माझ्या खोलीत आले. दुसऱ्या पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, डेल्रॉय, दिवा घालव." डेल्रॉय एमेटचा जुना जोडीदार. वही घेऊन गेलेल्यांपैकी. "मी घालवला."

"बुधवारी सरावात तू गप्प राहायचंस."

"कोच, एकच सामना. बारा वर्षं थांबलेत ते. तो झाला की मी स्वतः घेऊन जातो त्यांना डॉक्टरकडे."

"आणि तो जिंकलो तर? मग पुढचा एकच. माझ्याकडे त्याच्या जागी उभा करायला कोण आहे सांग बरं. कोणी नाही. मला तो तुझ्यापेक्षा जास्त हवाय. म्हणून तुला सांगतोय. तू ओरडलास तर मीही काही ऐकलंच नाही असं दाखवीन, जार्विस. मी स्वतःला ओळखतो."

यात कोणाचं काय भलं होत होतं ते मी डोळे मिटून बघत होतो. कोचचं नाव झालं होतं, मालकीणबाईंचं मैदान भरलं होतं, गावाला छाती काढून चालता येत होतं. माझीसुद्धा वर्षानुवर्षांत पहिल्यांदा बढतीची बोलणी चालली होती. सगळ्यांच्या नावावर जमा होती. खर्च एकाच डोक्यातून चालला होता, आणि ते डोकं सात रांगा पुढे खिडकीला टेकून झोपलं होतं.

बुधवारी बर्फ भुरभुरत होतं. पुढच्या प्रवासाच्या कागदांवर ब्रूसार्डची सही हवी म्हणून मी मैदानाच्या कडेला उभा होतो. पहिले काही डाव सरळ गेले. एमेट दोनदा "कोळंबी" ओरडला, अगदी स्वच्छ. जार्विसच्या खांद्यांवरचा ताण मला इतक्या लांबूनही उतरताना दिसला. मग समोरची मांडणी बदलली. एमेट वाकला, चेंडूवर हात ठेवला आणि ओरडला, "रोझ! रोझ!"

डावीकडून काही आलं नाही.

फळीतले तिघं एकमेकांकडे बघू लागले. एमेट वाकलेलाच होता. त्याने पुन्हा हाक दिली, जरा हळू. मग तसाच वाकून, काखेखालून त्याने डावीकडे पाहिलं.

"बोल की रे."

जार्विस जमिनीकडे बघत होता. पंजा बर्फात रुतला होता.

"जार्विस. बोल ना."

तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळलं, की एमेटला ठाऊक होतं. रोझ आणि लॉरा आपल्या तोंडून निसटतात, पोरगा त्या झेलतो, हे त्याला सप्टेंबरापासून ठाऊक होतं. त्याने त्या पोरावर भार टाकला होता, सबंध, आणि पोराने तो अंगावर घेतला होता. दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. ब्रूसार्डच्या ओठांत शिट्टी होती, ती त्याला वाजवता येईना.

एमेट उठून उभा राहिला. चेंडू तिथेच राहिला. हेल्मेट काढलं तेव्हा डोक्यातून वाफ येत होती.

"सगळ्यांसमोर नको होतं, पोरा," तो म्हणाला. "मला बाजूला घेऊन सांगायचंस."

"सांगितलं असतं तर थांबला असतात?"

एमेटने विचार केला. खरोखर केला, नुसता दाखवला नाही. "नसतो थांबलो," म्हणाला, आणि बाहेर गेला. फाटकापाशी मॅव्हिसची गाडी सरावाच्या सुरुवातीपासूनच उभी होती.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी सांगत नाही. ते त्या दोघांचं आहे. वर्तमानपत्रांत 'गुडघ्याची दुखापत' छापून आलं.

बाद फेरीच्या सामन्याला तो आला. संघाचा जाड कोट घालून कडेला उभा राहिला. विमानात मी त्याची जागा जार्विसशेजारीच ठेवली होती, पण तो जाताना पुढे मॅव्हिसपाशी बसला. फळीच्या मधोमध एक उसना पोरगा होता, धडपडत होता, आणि जार्विस त्याच्यासाठीही ओरडत होता. शेवटच्या लाथेवर चेंडू खांबांमधून गेला आणि आम्ही जिंकलो. डनमोरमध्ये त्या दिवशी अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या म्हणे. पुढच्या आठवड्यात आम्ही हरलो, पण कोणाला त्याचं फार वाटलं नाही. बुडबुडे हा शब्द गावातून गेला तो गेलाच.

मी सांगतोय ते त्या लाथेनंतरचं. सगळे मैदानात धावले. जार्विस उलट्या दिशेने धावला, कडेकडे. एमेटसमोर येऊन थांबला. चेहरा चिखलाने आणि रडण्याने भरलेला. एमेटने त्याच्याकडे पाहिलं. कोटाच्या खिशातून हात काढला आणि पुढे केला, समोरच्या संघातल्या कोणापुढे करावा तसा.

"छान खेळलास, पोरा," तो म्हणाला. "नाव काय तुझं?"

मी दोन पावलांवर होतो. माणसं ओळखण्यावर माझं पोट चालतं, आणि तो खरंच विसरला होता की मुद्दाम विचारत होता, ते मला सांगता येणार नाही. त्या चेहऱ्यावर राग असेल, तर तो फार सफाईने लपवलेला होता. मॅव्हिसने मान वळवली होती. जार्विसने त्याच्या डोळ्यांत शोधलं, कितीतरी वेळ शोधलं. हा राग असू दे, शिक्षा असू दे, एवढंच तो मागत असावा.

मग त्याने तो हात धरला आणि सरळ उभा राहिला.

"टॉलिव्हर," तो म्हणाला. "जार्विस टॉलिव्हर. तुमच्या डाव्या बाजूला असतो मी."