सासऱ्यांना न विकलेला रंग

रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून ती रोज दहा-वीस जणांच्या गळ्यात डबे मारायची. पण त्या सकाळी गिऱ्हाईक म्हणून खुद्द सासरेच दारात उभे राहिले.

"सूनबाई, तो चकचकीत वॉटरप्रूफ रंग काढ. बाहेरच्या भिंतींना एकदा फासला की दहा वर्षं बघायला नको!"

"तो मी तुम्हाला देणार नाही, बाबा."

दुकानाच्या मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. सासरे निवृत्त बसचालक. गाडी मागे घेतली असेल, शब्द कधी घेतला नव्हता. "सगळ्या गावाला विकतेस आणि घरच्यांनाच नाही?"

"ती घरं सिमेंटची आहेत. आपल्या विटा जुन्या, मऊ. पावसात पाणी पितात आणि उन्हात सोडून देतात. वरून हा रंग बसला की आतलं पाणी आतच."

"काहीतरीच!" म्हणत ते तरातरा निघून गेले.

रविवारी तिने हातात रंग खरवडायचा पत्रा घेतला आणि सासऱ्यांना मागच्या भिंतीपाशी नेलं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेने, तिथे ऑइलपेंट लावला होता. आता त्याला जागोजागी फुगे आले होते. तिने एका फुग्याखाली पत्रा सारला. रंगाचा पापुद्रा अलगद हातात आला आणि मागून विटेचा लाल भुगा भुरुभुरु गळला. सासऱ्यांनी तिथे बोट लावलं. ते पेरभर आत गेलं.

"हे मी केलं?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

तिला वाईट वाटलं. "तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, बाबा."

"मी सांगितलं होतं!" खिडकीतून सासूबाई म्हणाल्या.

"मग आता लावायचं काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"चुना. त्यातून भिंतीला श्वास घेता येतो."

"म्हणजे सूनच सासऱ्याला चुना लावणार म्हणायची!" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जुना रंग खरवडून काढला. गवंड्याने कुजलेल्या विटा बदलल्या, सांधे चुन्यानेच भरले, आणि भिंत दोन महिने नुसती वाळू दिली. मग एका ढगाळ सकाळी तिने भिंत ओली केली आणि पातळ चुन्याचा पहिला हात मारला. भिंतीवर काही म्हणजे काही दिसेना.

"अगं, हे नुसतं पाणी आहे!" सासरे खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "फसवलं त्या चुनेवाल्याने तुला. चल, मी येतो तुझ्याबरोबर."

"जेवून घ्या आधी."

जेवून बाहेर आले तर भिंत वाळत होती आणि कडेकडेने पांढरी होत चालली होती. विटांची लाली खालून जराशी डोकावत होती. ते मागच्या फाटकापर्यंत गेले, मान वाकडी करून पाहिलं, गल्ली ओलांडून पलीकडून पाहिलं. परत आले ते बाह्या सरसावतच.

"दुसरा हात उद्या ना? तो मी मारणार."

मारला त्यांनी. हात सढळ, त्यामुळे ओघळही भरपूर. ते चहाला आत गेले की ती झटपट ब्रश फिरवून ते मोडून टाकायची, आणि ते बाहेर आले की म्हणायची, "काय सफाईदार बसलाय हो, बाबा!"