नीबियाचं थांबणं

"ट्रुको," म्हणत विल्मारने बटण दाबलं. बोट उचलायच्या आतच पडद्यावरच्या पत्त्यांच्या खेळाचं उत्तर आलं: सोडलं. डाव विल्मारचा.

"बघितलंस?" तो यानीनाला म्हणाला. "ही नीबिया नव्हे."

जुन्या संगणकांना हात लावणारी अख्ख्या पायसान्दू शहरात आता यानीनाच उरली होती. विल्मारच्या संगणकाने गेल्या आठवड्यात मान टाकली. नव्यातला प्रोसेसर वेगळ्याच जातीचा. जुना खेळ त्याला ओ की ठो कळेना. तिने मध्ये दुभाषी प्रोग्रॅम बसवला, तेव्हा पत्ते एकदाचे वाटले गेले, पण खेळ भलताच सुसाट पळू लागला.

तो खेळ त्याच्या बायकोने, नीबियाने, शेवटच्या आजारपणात लिहिला होता. गणिताची मास्तरीण ती. "मी गेल्यावर भांडणार कोणाशी तुम्ही?" म्हणाली होती. चार वर्षं तो रोज दुपारी तिच्याशी खेळत होता. दुसरं कोणी घरी येत नव्हतं.

"ट्रुको म्हणून आव्हान दिलं की ती थांबायची," तो म्हणाला. "थांबली की समजायचं, घाबरली. माझ्या हातात काही नसायचं, पण एक थाप पकडेल तर शपथ."

यानीनाने नीबियाचा प्रोग्रॅम उघडला. वाचता वाचता कडू माटे चहाची नळी तिच्या ओठांशीच राहिली.

"काय गं?"

"काका, थांबणं म्हणजे नुसतं आकडे मोजणं आहे. जुन्याला तीन सेकंद लागायचे, नव्याला काहीच लागत नाहीत. ते मी करते नीट. पण..."

"बोल की."

"हा खेळ तुमची पानं बघतो. तुम्ही थाप मारलीत, तरच थांबतो. आणि सोडून देतो."

विल्मारने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नीबियाला पुरलं त्या दिवशीही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"घरी टेबलावर खेळायचो, तेव्हाही मी थाप मारली की ती अशीच थांबायची, आणि सोडून द्यायची," तो म्हणाला. "चाळीस वर्षं."

यानीनाने मान खालीच ठेवली. "ते बघणं काढून टाकू? खेळ खरा होईल."

"नको. फक्त पूर्वीसारखं सावकाश मोजायला लाव."

तिने लावलं. पुढच्या डावात पडद्याने ट्रुको म्हटलं. विल्मारच्या हातात सगळ्यांत मोठं पान होतं. ते यानीनालाही दिसत होतं. तो थोडा थांबला, आणि त्याने 'सोडलं'वर बोट ठेवलं.