दमयंतीच्या खाटेखालच्या पायऱ्या

दमयंती लोमटेचा ताप तिच्या अंगात चढला नाही, खाटेखाली चढला. रोज दुपारी चारला खाटेखाली एक पायरी उगवे. काळ्या दगडाची, घडीव, हात लावला तर चटका बसेल अशी. काखेतला थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या वर जायला तयार नव्हता.

तिचे यजमान रघुवीरराव अंबाजोगाईतले हिशेबी गृहस्थ. एवढ्यातेवढ्याला डॉक्टर कशाला, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी मेडिकलवाल्याने सुचवलेल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या तिला दिल्या. तिसऱ्या दिवशी पायरी आली नाही. हा नफा समजून त्यांनी गोळ्या थांबवल्या. चौथ्या दिवशी दोन आल्या.

शेजारच्या मथुराबाई बघून गेल्या. म्हणाल्या, "बरं झालं भावजी, माडी चढवायचीच होती ना तुम्हाला."

पाच पायऱ्या झाल्यावर डॉक्टर केंद्रे आले. चढून नाडी पाहिली, संथ. हे काम गवंड्याचं, असं सांगून ते उतरणार, एवढ्यात दमयंती तांदूळ निवडावेत तशी चादरीतून काहीतरी वेचू लागली, पुटपुटू लागली. डॉक्टर थबकले. टायफॉईड कधी कधी भलत्याच रूपात येतो, म्हणाले, आणि जंतू वाढतात का ते पाहायला बाटलीत रक्त घेतलं.

"आधी काही औषध दिलंत?"

"छे," रघुवीरराव म्हणाले. डॉक्टर रागावतील, एवढंच मनात होतं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. बाटलीत काहीच वाढलं नव्हतं. जंतू नाहीत म्हणून औषध नाही. एव्हाना पायऱ्या तासातासाला येत होत्या आणि छप्पर अदबीने वर सरकत होतं. खालून दमयंतीचे फक्त तळवे दिसत.

"डॉक्टर, दोन गोळ्या दिल्या होत्या," रघुवीरराव म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग बाटलीत काय वाढणार, लोमटे?"

त्यांनी इंजेक्शन भरलं. दोघे चढू लागले. एक पायरी चढली की वर एक वाढे. चपला तापल्या, डॉक्टरांचे गुडघे बोलू लागले. वरून दमयंतीने शहाण्या पेशंटसारखी बाही सारली आणि हात खाली सोडला. शीर स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी कापसाने स्पिरिट लावलं, सुई टेकवली.

"हलू नका, वहिनी."

ती हलली नाही. पायरी हलली.