लाल काचेचा कंदील

सोनगीरच्या ख्रिस्ती मंडळीत पितांबर आबांचं एक पुस्तकांचं कपाट होतं. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर धुळ्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी एकेक पुस्तक निवडून आणलं होतं. त्यात रहस्यकथा होत्या, विज्ञानाच्या गोष्टी होत्या, लोककथा होत्या, आणि देव न मानणाऱ्या लेखकांचीही पुस्तकं होती. पंच भाईदास नाक मुरडायचे. "पवित्र शास्त्र असताना या जगिक, देवाबाहेरच्या पुस्तकांचं काय काम, आबा?"

"शास्त्रानंच पारखायला सांगितलंय," आबा म्हणायचे. "समोर काही ठेवलंच नाही, तर पोरं पारखणार काय?"

दर शनिवारी बत्तीस मुलं जमायची. पुस्तक वाचून झालं की वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. हे खरं आहे का? हे चांगलं आहे का? हे प्रभूसमोर मोठ्यानं वाचता येईल का? लिहिणारा कोण आहे ते बघायचं नाही, प्रश्न सगळ्यांना सारखेच, हे आबांनी मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं.

सातवीतली कोकिळा तर प्रश्न विचारून आबांचा जीव खायची. आबांना ते आवडायचं. आपल्यामागे हीच वर्ग चालवील, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

एका रविवारी पाळक योगेंद्र यांनी बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवर उपदेश केला. म्हणाले, मी दीपनगरला असताना माझ्या शेजारी एक विधवा राहायची. तिचा मुलगा घर सोडून गेला होता. ती रोज संध्याकाळी दारात लाल काचेचा कंदील टांगायची. तिसऱ्या वर्षी तो उजेड बघून मुलगा परत आला. लोकांनी डोळे पुसले. दोन माणसं प्रार्थनेसाठी पुढेही आली.

शनिवारी कोकिळानं वर्गात हात वर केला. "आबा, ती बठ्ठीच्या बठ्ठी गोष्ट आपल्या कपाटातली शे. बंदरावरच्या म्हातारीची. लाल काच, तिसरं वर्ष, समदं तेच. अन् दीपनगरला तर वीज तयार होते. तिथं कंदील कोण टांगेल?"

पोरं खो खो हसली. आबांनाही हसू आलं. त्यांनी "बघू" म्हणून विषय टाळला. पण पोरांनी तो घरी नेला. त्यात भाईदासांचा नातूही होता.

दोन दिवसांनी पाळक आबांकडे आले. आबांनी पुस्तक काढून ते पान त्यांच्यासमोर धरलं. पाळकांनी नजर चुकवली नाही.

"लोक रडले, आबा. दोन जीव पुढे आले. गोष्ट कुठली का असेना."

"मग गोष्ट म्हणून सांगायची होती."

"आता ते राहू द्या. पंच चिडलेत. मुलीनं मंडळीसमोर माफी मागितली तर कपाट राहील. नाही तर रविवारीच त्याला कुलूप लागेल."

आबांनी मनात तराजू धरला. एका पारड्यात बत्तीस पोरं आणि वीस वर्षांची पुस्तकं, दुसऱ्यात एका मुलीची चार वाक्यं. हिशेब सोपा वाटला. तो इतका सोपा वाटला याची लाज त्यांना पुढे वाटली, पण त्या वेळी ते काठी उचलून कोकिळाच्या घरी गेले.

तिची आई ताईबाई शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली, "तुम्हीच शिकाडं ना आबा तिला?"

कोकिळा दाराला टेकून उभी होती. "मी खोटं बोलनू का?"

"नाही, बेटा."

"मंग?"

आबा तिला शांतीबद्दल, मोठ्यांच्या मानाबद्दल, कपाटाबद्दल बरंच काही बोलले. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी ते खोडून पुन्हा लिहायला लावलं असतं. कोकिळानं शेवटपर्यंत ऐकलं आणि होकाराची मान हलवली.

रविवारी ती पुढे उभी राहिली. "पाळकसाहेबांच्या गोष्टीबद्दल मी चुकीचं बोलले. मला माफ करा." पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाईदास मोठ्यानं 'आमेन' म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेले आबाही 'आमेन' म्हणाले, जरा हळू आवाजात.

कपाट राहिलं. शनिवारी बत्तीसच्या बत्तीस मुलं आली. आबांनी एका शिकाऱ्याची कथा वाचून दाखवली. शिकारी फुशारक्या मारणारा होता, त्याची लबाडी लहान पोरालाही कळावी अशी. आबांनी ती मुद्दामच निवडली होती.

"कोकिळा, सांग. हे खरं आहे का?"

ती उठून उभी राहिली. वही उघडी होती, पान कोरं होतं. आवाजात ना राग होता, ना टोमणा.

"तुम्ही सांगा, आबा. तसं लिहिते."

आबांनी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळी पोरं माना खाली घालून, पेन कागदावर टेकवून, ते काय सांगतात याची वाट बघत होती.